‘मुंगी चावली’ एवढंच सांगू नकोस

मावशी, अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. आमची पाच एकर कपाशी आहे, ठिबकवर. मागच्या आठवड्यात निंदणी चालू होती. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा बांधावर निंबाखाली होता, हातात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एकदम किंचाळला. धावत गेले तर दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत लाल मुंग्यांनी भरलेले, आणि तो जागेवरच उभा राहून रडतोय. मी तिथेच तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, पण मुंग्या सुटेनात. घरी आल्यावर सासूबाईंनी चुना लावला, तर तो जास्तच रडला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या डोक्याच्या पुळ्या आल्या. तीसपर्यंत मोजल्या, मग मोजवेना. शेजारीण म्हणते, सुईनं फोडून टाक. सासूबाई म्हणतात, पूर्वी अशा मुंग्या नव्हत्या. पण मारायचं म्हटलं तर त्यांना ते चालत नाही, दर शनिवारी त्या मुंग्यांना पीठ-साखर घालतात. आमचे हे म्हणतात, “मुंगी चावनी तं काय व्हस!” मला मुलाला शेतात न्यायची भीती बसली आहे, आणि घरी ठेवू कोणाजवळ? मी कसली आई, असं रात्रभर वाटत राहतं. मागच्या वर्षी वेचणीच्या वेळी मलाही ह्याच मुंग्या चावल्या होत्या. तेव्हा अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरचे म्हणाले पित्त आहे. आमसुलाचं पाणी लावलं, तास-दीड तासानं बरं वाटलं. ते जाऊ द्या. मुलाचं काय करू ते सांगा.

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सगळं मुलाबद्दल लिहिलंस, शेवटी चार ओळी स्वतःबद्दल, आणि त्याही ‘ते जाऊ द्या’ म्हणून मिटवल्यास. मी ते जाऊ देणार नाही. तुझ्या मुलाच्या पुळ्या आठ-दहा दिवसांत सुकतील, त्याचं सविस्तर सांगतेच. मला काळजी लागली आहे ती तुझी.

मागच्या वर्षी तुला झालं ते पित्त नव्हतं. मुंगी एका जागी चावली आणि गांधी अंगभर उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, अंधारी आली. चावल्या जागेपासून लांब, सगळ्या अंगावर आणि श्वासावर परिणाम झाला की ती विषाची तीव्र ॲलर्जी असते. डॉक्टर तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखानं माणूस दगावल्याचं आपण ऐकतो ना, तोच हा प्रकार. त्या वेळी तू वाचलीस ती तुझ्या शरीरानं स्वतःला सावरलं म्हणून. त्यात आमसुलाच्या पाण्याचा काही वाटा नव्हता. पुढच्या वेळी शरीर तसंच सावरेल याचा भरवसा नाही. कधी आधीपेक्षा सौम्य होतं, कधी कितीतरी जोरात, आणि ते आधी कळत नाही.

मी आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं काढली, बरीचशी चोपडा तालुक्यात. एका वर्षी वेचणीच्या दिवसांत दोघा जणांनी एका बाईला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. तिची मान पुढच्याच्या खांद्यावर पडलेली, ओठ निळे, कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. पावलावर लाल ठिपके होते, सात की आठ. मुकादम मागून आला आणि म्हणाला, उन्हानं चक्कर आली असेल. डॉक्टरांनी तिला आडवं केलं आणि मांडीत ॲड्रेनालिनचं, म्हणजे रक्तदाब आणि श्वास सावरणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? “माझा कापूस मोजला का?” किलोवर मजुरी होती तिची. त्या ओटीतला कापूस मीच सोडवून बाजूला ठेवला, आणि नंतर मुकादमाशी भांडून तो तिच्या नावावर लिहायला लावला. तुझं ‘ते जाऊ द्या’ वाचलं आणि मला ती बाई आठवली. आपल्याकडे बाईचा श्वास अडकला तरी तिला आधी ओटीची चिंता, पोराची चिंता.

म्हणून तुला काय करायचं ते नीट सांगते. ह्या हंगामात एकटी शेतात जाऊ नकोस. सोबत कोणीतरी मोठं माणूस असू दे आणि त्याला आधीच सांगून ठेव की तुला मुंगीची ॲलर्जी आहे. पुन्हा चावल्या, आणि चावल्या जागेच्या बाहेर गांधी उठायला लागल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, उलटी झाली की चक्कर आली, तर ‘बघू थोडा वेळ’ करायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. बहुतेक वेळा हे सगळं काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होतं. तोपर्यंत तुला आडवं झोपवून पाय उंचावर ठेवायचे, खाली मातीचं ढेकूळ ठेवा, खताची गोणी ठेवा, काहीही. धाप जास्त असेल तर टेकून अर्धवट बसवायचं. उभं करायचं नाही, चालवायचं नाही, आणि त्या बाईसारखं मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचं तर अजिबात नाही. अशा वेळी रक्तदाब खाली गेलेला असतो. माणसाला एकदम उठवून उभं केलं की हृदयाकडे रक्त परत येत नाही, आणि तिथेच जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, मिळेल ते वाहन घ्या, पण आडवं झोपवूनच न्या. ॲलर्जीची गोळी खाजेला बरी, गांधींना बरी. घसा सुजत असताना ती पुरत नाही. तिथे ॲड्रेनालिनच लागतं, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं. लसीकरणाच्या सत्राला जातानासुद्धा आम्ही त्याचं किट सोबत नेत असू. इंजेक्शननं बरं वाटलं तरी लगेच घरी पळू नकोस. काही तासांनी सगळं पुन्हा उसळू शकतं, म्हणून दवाखान्यात थांबवतात.

आता तुझ्या बाळाचं. त्याच्या पुळ्या फोडायच्या नाहीत. शेजारणीला माझ्याकडून सांग. त्या पुळीत पू दिसतो, पण सुरुवातीला त्यात जंतू नसतात. विषानं त्या जागेच्या पेशी मेलेल्या असतात, त्याचंच ते पांढरं डोकं. सुई लावली की मात्र जंतूंना दार उघडं झालं. त्याची नखं आज रात्री झोपेत काप. दिवसातून दोनदा साध्या साबण-पाण्यानं पाय धुवून टिपून कोरडे कर, चोळू नकोस. खाज सुटली की ओला थंड फडका ठेव, कॅलामाइन लाव. खाजेचं औषध हवंच असेल तर मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून घे, मोठ्याची गोळी अर्धी करून देऊ नकोस. ताप आला, एखाद्या पुळीभोवतीची लाली रोज पसरत चालली, पाय गरम आणि टणक लागला, तर पुळी पिकली समज आणि दाखव. घरात कोणाला साखरेचा आजार असेल आणि त्यांच्या पायाला ह्या मुंग्या चावल्या तर त्यांचे पायही रोज पाहत जा. त्यांची पुळी चिघळायला वेळ लागत नाही.

चुन्याचं सांगते, सासूबाईंना राग येणार नाही अशा शब्दांत तूच त्यांना सांग. मुंगीच्या चाव्यात आम्ल असतं आणि चुन्यानं ते मरतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. काही मुंग्यांच्या बाबतीत आम्लाची गोष्ट खरी आहे. माकोडा चावून त्या जागी आम्ल सोडतो. पण तुझ्या बांधावरच्या मुंगीचं विष वेगळं आहे. ते बहुतांशी अल्कलॉइड नावाचं तेलकट रसायन असतं, त्यावर चुना काही करत नाही. उलट कोवळ्या, सोललेल्या कातडीवर चुना स्वतःच भाजतो. बाळ म्हणूनच जास्त रडलं. टूथपेस्ट, केरोसीन, ओला तंबाखू हेही नको.

आणि ही मुंगी नुसती चावत नाही, डंख मारते. जबड्यानं कातडी घट्ट धरते, मग अंग वाकवून शेपटीकडचा काटा टोचते. एवढ्यावर थांबत नाही. जबडा तसाच धरून ठेवते, अंग थोडं फिरवते आणि पुन्हा टोचते. एकाच मुंगीचे चार-पाच डंख गोलात उठलेले मी पाहिले आहेत. तुझ्या तांब्यातल्या पाण्यानं त्या सुटल्या नाहीत त्या ह्या जबड्यामुळे. तू काही चुकीचं केलं नाहीस, कोणीही पाणीच ओतलं असतं. पण पुढे लक्षात ठेव: आधी पोराला उचल आणि त्या जागेपासून दहा-पंधरा पावलं लांब ने. तिथे उभं राहून झटकत बसलं की खालून नव्या चढत राहतात. लांब गेल्यावर चड्डी, चप्पल, पायमोजे काढ आणि फडक्यानं किंवा सरळ हातानं वरून खाली जोरात पुसून काढ. तुझ्या हातालाही दोन-चार चावतील, आणि तुझी ॲलर्जी पाहता हे काम जवळ दुसरं कोणी असेल तर त्याला करू दे. लगेच हाक मार.

एक गोष्ट तुला वाचून कदाचित बरं वाटेल. ह्या मुंग्या पायावर चढताना कळत नाहीत. पहिली चढते, मग शंभर चढतात, तोवर शांत असतात. मूल हललं किंवा एखादी दाबली गेली की ती धोक्याचा वास सोडते आणि सगळ्या जवळपास एकदमच डंख मारतात. म्हणून तुला वाटलं की क्षणात झालं. तू दोन मिनिटं पाठ फिरवलीस म्हणून हे घडलं नाही. तू शेजारी बसली असतीस तरी पहिली किंचाळी त्याच वेळी ऐकू आली असती. ‘मी कसली आई’ हे वाक्य पुन्हा मनात आणू नकोस. निंदणी करणाऱ्या आईनं पोर कुठे ठेवायचं, ह्याचा विचार ज्यांनी करायला हवा होता त्यांनी केला नाही, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

सासूबाई म्हणतात, पूर्वी ह्या नव्हत्या. मूळच्या आपल्या नाहीतच ह्या. मुलूख अमेरिका खंडातला, उष्ण भागातला. सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या ॲकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधल्या मनिलाला स्पॅनिश जहाजं जात, त्यांतून ही आशियात पसरली असं आनुवंशिक अभ्यासातून दिसलं आहे. शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस जेमिनाटा, आपण आगमुंगी म्हणू. मोबाइलवर पुरात तरंगणाऱ्या लाल मुंग्यांचे जे अमेरिकेतले व्हिडिओ येतात, त्यांत बहुधा हिची चुलत बहीण असते, दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात तिथल्या मोबाइल नावाच्याच बंदरात उतरलेली. आपली ओळखायला सोपी आहे. भाकरीचा तुकडा टाक आणि पाहा. ३ ते ५ मिलिमीटरच्या तांबूस मुंग्या येतील, आणि त्यांच्यात मधूनच एखादी मोठ्या चौकोनी डोक्याची, डोक्याच्या मधोमध खाच असलेली. ती बी फोडणारी. तीळ-बाजरी पेरल्यावर बी ओढून नेतात त्या ह्याच.

कपाशीशी तर हिचं जुनं नातं आहे. कपाशीवर पिठ्या ढेकूण येतो ना, पांढरा कापसासारखा, त्याच्या शास्त्रीय नावातच सोलेनॉप्सिस आहे. १८९८ मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तो ह्याच मुंगीच्या वारुळात सापडला होता. ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंगी तो चाटते आणि त्याचे शत्रू हाकलून लावते. म्हणून ज्या झाडाच्या बुडाशी लाल मुंग्यांची ये-जा दिसेल त्याचे शेंडे वर करून पाहा. ओलाव्यासाठी त्या ठिबकच्या नळ्याही कुरतडतात, आणि नळी हातात घेताना डंख बसतो तो तिथेच. दुसरी बाजूही सांगायला हवी: ह्याच मुंग्या अळ्या आणि अंडीही खातात. शेतातली प्रत्येक मुंगी संपवायच्या मागे लागू नका, ते जमतही नाही. बाळ जिथे बसतं, तुम्ही जेवता, पाण्याचा माठ असतो, तेवढी जागा मोकळी करा.

त्या जागेपुरतं सकाळी ऊन वर आल्यावर, मुंग्या वरच्या मातीत असताना, उकळतं पाणी आठ-दहा लिटर सावकाश वारुळात ओतायचं. हे काम तुझ्या नवऱ्याचं, तुझं नाही, आणि बाळ तेव्हा घरी. एकदा ओतून भागणार नाही, तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावं लागेल. कपाशीच्या मुळाशी ओतू नका, झाड भाजेल. दुसरा उपाय आमिषाचा: १०० मिलिलिटर साखरपाण्यात १ ग्रॅम बोरिक ॲसिड. ह्याहून जास्त घातलं तर कामकरी मुंग्या वाटेतच मरतात, राणीपर्यंत ते पोचत नाही. कापसाच्या बोळ्यावर घेऊन बारीक भोकं पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी बाळाच्या हाताबाहेर, कारण ते मुलांसाठी विषारी आहे. पेट्रोल-रॉकेल ओतून पेटवू नका. आणि घरात फोरेट ह्या कीटकनाशकाची जुनी पिशवी पडली असेल तर ती बांधावर टाकू नका. त्याच्यावर २०२० च्या डिसेंबरअखेरपासून देशात बंदी आहे, मुंगीहून कितीतरी मोठा धोका आहे तो. पोर मातीत खेळतं आणि हात तोंडात घालतं.

सासूबाईंचं शनिवारचं पीठ चालू दे. त्यांना म्हण, गल्लीच्या कडेला काळ्या मुंग्यांना घाला, बांधावर नको. मुंगीच्या तोंडी घास घालणाऱ्या हातांना नातवाचे पाय दिसत नसतील असं मला वाटत नाही. त्यांना मारण्याचं पाप नको असेल तर तेवढं उकळतं पाणी त्यांच्या नजरेआड ओता आणि वाद मिटवा.

बाळाला शेतात न्यावंच लागलं तर जमिनीवर बसवू नकोस. बाज घेऊन जा. तिच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, पाण्यात कपड्याच्या साबणाचे थेंब टाक, म्हणजे मुंगी तरंगून पार होत नाही. चादर जमिनीला टेकली की मात्र सगळी मेहनत फुकट, तीच त्यांची शिडी होते. झाडाला झोळी बांधत असशील तर दोन्ही दोऱ्यांवर वितभर व्हॅसलिन फास, कारण मुंगी झाडावरून दोरीनं उतरते. बाज टेकवण्याआधी काठीनं माती उकर आणि शंभर आकडे मोज. वारूळ असेल तर तेवढ्यात उसळून येतात. शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडते, तेलामुळे. खाऊन झाल्यावर बाळाचं तोंड आणि बोटं पूस, उरलेला तुकडा लांब टाक. पायात पायमोजे असू दे, पायजम्याची टोकं त्यात खोचून. उन्हात ते नकोसं वाटेल, पण तेवढ्यानं मुंग्या कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तुला दिसतात.

एवढं मुंग्यांबद्दल लिहिलं म्हणून एक सांगायचं राहू नये. रात्री पाण्याची पाळी असते, खळ्यात-शेतात जमिनीवर निजणं होतं. अंधारात काही टोचलं आणि मुंगी डोळ्यांनी पाहिली नाही, तर ‘मुंगीच असेल’ म्हणून पुन्हा झोपू नका. मण्यारीचा दंश कधी कधी मुंगी चावल्याएवढाही दुखत नाही.

तुझ्या नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. तो वाईट माणूस आहे असं मला तुझ्या पत्रातून वाटलं नाही, त्याला ठाऊक नाही एवढंच. चारशे नव्व्याण्णव जणांना मुंगी चावते आणि काही होत नाही, त्यामुळे पाचशेव्याला काही होऊ शकतं हे पटत नाही. त्याला तुझे मागच्या वर्षीचे ओठ आठवत असतील. नसतील तर तू आठवण करून दे.

येत्या रविवारी कानबाईचे रोट असतील तुमच्याकडे, सोमवारी विसर्जन, त्या गडबडीत जाणं होणार नाही. मंगळवारी सकाळी मात्र तालुक्याच्या रुग्णालयात जा, बाळालाही सोबत ने. केसपेपर काढताना ‘मुंगी चावली होती’ असं म्हणू नकोस, तसं सांगितलंस तर मलम देऊन पाठवतील. म्हण: “मागच्या वर्षी डंखानंतर अंगभर गांधी आल्या, ओठ सुजले, घसा आवळला, अंधारी आली.” ह्याच क्रमानं सांग, आणि चावल्यापासून किती वेळात झालं तेही. मग तीन गोष्टी विचार: ॲड्रेनालिन घरी ठेवायचं का आणि ते द्यायला माझ्या नवऱ्याला शिकवाल का, ॲलर्जीच्या तपासणीसाठी जळगावला किंवा धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवाल का, आणि माझ्या केसपेपरवर ‘मुंगीच्या डंखाची तीव्र ॲलर्जी’ असं लाल शाईनं लिहाल का. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओटीच्या आत ठेवत जा.